अमृतांजन ते कुंडमळा : पूल बघायला जाणारे आपण

परवाच्या रविवारी लेकीला घेऊन खंडाळ्याला गेलो होतो. आठवीत आहे. रील बघून बघून तिच्या डोक्यात काचेचा पूल बसलाय. डोंगराच्या कड्यावरून बाहेर काढलेला, खाली दरी, पायाखाली काच. "पप्पा, आपल्या लोणावळ्यात तो कधी होणार?" हा प्रश्न तिने पिंपळे गुरवच्या काटेपुरम चौकातच विचारला, हेल्मेट घालता घालता. मी म्हटलं, बस आधी.

सकाळी सहाला निघालो, कारण आठनंतर जुन्या हायवेवर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. नाशिक फाटा, निगडी, देहूरोड. शेलारवाडीच्या जवळ आलो तशी मागची बडबड थांबली. तिनेच विचारलं, "तो पडलेला पूल इकडेच ना?"

हो, इकडेच. कुंडमळा. त्याला तेव्हा दीड महिनाही झाला नव्हता.

आज लिहायचं कारण तेच. काचेचा पूल आणि पडलेला पूल, दोन्ही एकाच रस्त्यावर आहेत आणि मधे याच घाटात दोनशे वर्षांचा पुलांचा इतिहास पडलाय. तो जरा नीट बघू. पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

*

आधी कुंडमळा. १५ जून २०२५, रविवार, दुपारी साडेतीनच्या सुमारास इंद्रायणीवरचा लोखंडी पादचारी पूल कोसळला. चार जण गेले, पन्नासच्या आसपास जखमी झाले. पूल साधारण तीस वर्षांचा. बांधला होता तो गावकऱ्यांना, शेतकऱ्यांना नदीच्या पलीकडे जायला. पर्यटनासाठी नव्हे. नदीच्या पात्रातले रांजणखळगे, पावसाळ्यातला फेसाळ लोंढा आणि त्याच्या बरोबर वर हा पूल. मोबाईलमध्ये कॅमेरा आला आणि शेतावर जायच्या पुलाचा फोटो काढायचा पूल झाला.

पूल धोकादायक आहे हे कुणाला माहीत नव्हतं असं नाही. तसा फलक होता. नव्या पुलासाठी सुमारे आठ कोटी रुपये मंजूर झाल्याचंही घटनेनंतर सांगण्यात आलं. म्हणजे जुना वाईट झालाय हे कागदावर मान्य होतं, नवा हवा हेही मान्य होतं. मधल्या काळात माणसं जुन्यावरूनच जाणार, हेही ठाऊक असणार. त्या रविवारी पुलावर शंभराहून जास्त लोक होते, दुचाक्याही होत्या.

आता माझं सांगतो, कारण ते लपवून पुढे लिहिणं बरोबर नाही. माझ्या फोनमध्ये याच पुलावरचा एक फोटो आहे. काही वर्षांपूर्वीचा. लेक लहान आहे, मी तिला कठड्याजवळ धरून उभा आहे, मागे गर्दी आहे आणि एक बुलेटवाला हॉर्न वाजवत गर्दीतून वाट काढतोय. तेव्हा पूल पायाखाली हलत होता आणि आम्ही सगळे हसत होतो. पत्रकार माणूस मी. त्यावर एक सिंगल कॉलम बातमीसुद्धा केली नाही. फोटो टाकला, लाईक मोजले, विसरलो. १५ जूनच्या रात्री तो फोटो काढून बघितला आणि झोप लागली नाही.

म्हणून "लोकांना अक्कल नाही" असं लिहिणाऱ्यांत मी नाही. तो लोक मीच होतो.

*

खंडाळ्यात राजमाची पॉइंटला गाडी लावली. धुकं होतं. कणीसवाल्या मावशींकडून दोन कणसं घेतली. लेकीला हात करून सांगितलं, तिकडे खाली अमृतांजन पूल होता.

"अमृतांजन? ते डोकेदुखीचं?"

"आरं तेच की," मावशी म्हणाल्या, "त्या बामची पाटी व्हती तिथं, म्हनून तसं नाव पडलं. आता पाडला. लॉकडाउनमधी."

माझ्या वयाच्या कुठल्याही पिंपरी-चिंचवडकराला विचारा. मुंबईहून येताना अमृतांजन पूल दिसला की घर आलं असं वाटायचं. वडील कंपनीत होते, वर्षातून दोनदा लालबागला नातेवाइकांकडे जाणं व्हायचं. एसटी घाट चढताना आई उलटीसाठी लिंबू हातात द्यायची आणि वडील बोट दाखवायचे, तो बघ पूल. डोंगराच्या ऐन टोकावर दगडी कमानी. त्याच्यावर उभं राहिलं की खाली खोपोलीपर्यंतचा पसारा आणि समोर नागफणीचा सुळका. काच नव्हती, तिकीट नव्हतं. आमच्यासाठी डोंगरमाथ्यावरचा पूल म्हणजे तोच.

त्याचा इतिहास बोरघाटाच्या रस्त्याएवढाच जुना आहे. त्याआधी बोरघाट म्हणजे बैलांच्या तांड्यांची वाट. मीठ, तांदूळ, कापूस, सगळं बैलाच्या पाठीवर, आणि बडी माणसं पालखीत. वेलस्लीच्या फौजेने १८०४ च्या सुमारास तोफा नेण्यापुरती वाट थोडी सुधारली. पेशवाई १८१८ मध्ये गेली. त्यानंतर इंग्रजांनी डोंगरात दोन उलट्या गोष्टी केल्या. किल्ल्यांवर जायच्या वाटा तोडल्या आणि घाटात नव्या वाटा बांधल्या. आपल्या शेजारचा विसापूर बघा. मार्च १८१८ मध्ये तो घेतल्यावर त्याचे दरवाजे उद्ध्वस्त केले. आजही वर जाताना दगडांच्या राशीतून जावं लागतं. लोकांनी वर चढू नये असं वाटलं तिथे पायऱ्या उडवल्या, माल खाली उतरावा असं वाटलं तिथे पूल बांधले. वाट कुणाच्या सोयीची, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

१० नोव्हेंबर १८३० रोजी मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने बोरघाटाचा गाडीरस्ता खुला केला. काम कॅप्टन ह्यूज याच्याकडे होतं. अमृतांजन पूल याच कामातला, १८३० चा. घाटाची दिशा एका धनगराने दाखवली असं सांगतात. त्याचं नाव शिंग्रोबा. इंग्रजांनी त्यालाच मारलं अशी कथा आहे. खरंखोटं कुणी सांगावं, पण जुन्या घाटातल्या शिंग्रोबाच्या देवळापाशी आजही ट्रकवाले हात जोडतात, नाणं टाकतात. रस्ता बांधणाऱ्या साहेबाचं नाव त्यातल्या एकालाही माहीत नसतं. रस्ता दाखवणाऱ्याचं मात्र देऊळ झालं.

पूल एकशे नव्वद वर्षं टिकला. द्रुतगती मार्ग झाल्यावर त्याच्या कमानीखालून कंटेनर धावू लागले. वळणावर जागा अरुंद, अपघात, कोंडी. पाडावा की वारसा म्हणून ठेवावा यावर काही वर्षं वाद झाले. शेवटी ५ एप्रिल २०२० ला, लॉकडाउनमध्ये रस्ता रिकामा असताना, स्फोट घडवून तो पाडला. वाहतुकीसाठी ते योग्यच होतं असं माझंही मत आहे. पण एक गोष्ट लक्षात घ्या. हा पूल पडला नाही, पाडला. तारीख ठरवून, रस्ता बंद करून, एकही माणूस खाली नसताना. जुन्या पुलाचा शेवट असाही करता येतो. कुंडमळ्याला हेच झालं नाही.

*

"म्हणजे इंग्रजांचं बांधकाम भारी होतं ना?" लेकीचा पुढचा प्रश्न. आपल्याकडे मोठी माणसंही हेच म्हणतात. इंग्रजांचे पूल बघा, अजून उभे आहेत.

तर त्याच घाटातली दुसरी गोष्ट ऐका.

पुणे ते खंडाळा रेल्वे १८५८ मध्ये सुरू झाली. मुंबईकडून रूळ घाटाच्या पायथ्यापर्यंत आले होते. मधला घाट प्रवासी पालखीने किंवा पायी पार करायचे. घाटातली रेल्वे बांधायला १८५६ मध्ये सुरुवात झाली आणि १८६३ मध्ये ती खुली झाली. पंधरा मैलांचा चढ, पंचवीसच्या आसपास बोगदे, आठ मोठे दगडी पूल. एका टप्प्यावर चाळीस हजारांहून जास्त मजूर कामावर होते. कॉलरा आणि तापाने किती माणसं गेली याची धड मोजदाद नाही. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल इथे आला आणि थोड्याच दिवसांत वारला. मग त्याची बायको ॲलिस ट्रेडवेल हिने ठेका स्वतःच्या नावावर घेऊन काम पूर्ण करून घेतलं. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी, याच खंडाळ्यात.

एवढं सगळं होऊन गाडी सुरू झाली, आणि चारच वर्षांनी, जुलै १८६७ मध्ये, घाटातला माऊ की मल्ली नावाचा दगडी पूल कोसळला. ऐन पावसाळ्यात. इंग्रजांनीच बांधलेला, नवाकोरा. चौकशी झाली तेव्हा दगडकाम कच्चं असल्याचं पुढे आलं. मग घाटातली इतर बांधकामंही तपासावी लागली.

एकाच घाटात, एकाच सरकारच्या काळात, एक पूल एकशे नव्वद वर्षं उभा राहतो आणि दुसरा चार वर्षांत बसतो. सांगायचं हे, की पूल इंग्रजांचा की आपला, दगडी की लोखंडी, यावर तो टिकणं ठरत नाही. आत काय भरलंय आणि नंतर कोण बघतंय यावर ठरतं. प्रतापगडाच्या पायथ्याशी पार गावाजवळ कोयनेवर दगडी पूल आहे, शिवकाळातला मानला जातो. अजून उभा आहे. जाल तेव्हा नक्की बघा. आणि महाडजवळचा सावित्री नदीवरचा इंग्रजी अमदानीतला पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला, दोन एसटी बस घेऊन. तिथे नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि ५ जून २०१७ ला सुरू झाला. म्हणजे मनावर घेतलं तर आपल्याला येतं. फक्त आपण मनावर नंतर घेतो.

*

आता थोडं पादचारी पुलाबद्दल. कारण एक मोठा गैरसमज आहे. माणसांचं वजन ते किती, ट्रक थोडेच जाणार आहेत, असं सगळ्यांना वाटतं.

आपल्या देशात पुलांच्या भाराचे नियम इंडियन रोड्स काँग्रेसने ठरवलेले आहेत. त्यात पादचारी भागासाठी चौरस मीटरला ४०० किलो भार धरतात. आणि जिथे गर्दी होते, म्हणजे शहराजवळ, तीर्थक्षेत्री, जत्रेच्या ठिकाणी, तिथे ५०० किलो. नियम करणाऱ्यांना जत्रा माहीत होती. उदाहरणादाखल हिशोब करा. चार फूट रुंद आणि शंभर फूट लांब पूल म्हणजे साधारण ३७ चौरस मीटर. पाचशेच्या हिशोबाने साडेअठरा टन. लोकलच्या डब्यासारखी दाटी झाली तर या एवढ्याशा पुलावर दोन-अडीचशे माणसं मावतात, आणि त्यांचं वजन पंधरा-सोळा टनांच्या घरात जातं. म्हणजे गर्दीचा पादचारी पूल ही हलकी गोष्ट नाहीच. वर दोन बुलेट घाला. आणि पूल नवा नाही, तीस पावसाळे खाल्लेला आहे. लोखंडाला गंज चढतो तो सांध्यात, जिथे पाणी साचतं आणि रंगाचा ब्रश पोचत नाही. वरून रंग चकचकीत आणि आत पापुद्रे.

दुसरं, माणसं ट्रकसारखी गप्प बसत नाहीत. ती चालतात, उड्या मारतात, घाबरली की एका बाजूला धावतात. १८३१ मध्ये इंग्लंडात ब्रॉटनचा झुलता पूल सैनिक पावलात पाऊल टाकून चालले म्हणून तुटला. तेव्हापासून पुलावर सैन्याने पाऊल मोडून चालायचं, असा शिरस्ता पडला. तुम्ही म्हणाल ते जुनं झालं. मग लंडनचाच नवा मिलेनियम पूल घ्या. जून २००० मध्ये खुला केला, गर्दीच्या पावलांनी तो बाजूला डुलायला लागला, दोन दिवसांत बंद केला. हादरे शोषणारी यंत्रणा बसवून २००२ मध्ये पुन्हा उघडला. लाज वाटली असेल, पण बंद केला. आणि आपल्याकडे मोरबी. एकोणिसाव्या शतकातला झुलता पूल, दुरुस्तीनंतर २६ ऑक्टोबर २०२२ ला उघडला आणि ३० तारखेला रविवारच्या गर्दीत तुटला. १३५ माणसं गेली.

मोरबी रविवारी. कुंडमळा रविवारी. २०२४ मध्ये ३० जूनला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, तोही रविवार. यात योगायोग काही नाही. सहा दिवस कंपनीत, आयटी पार्कात राबणाऱ्या माणसाला एकच दिवस मिळतो. चाकण, भोसरी, हिंजवडी, वाकड, पिंपळे सौदागर, सगळं एकाच दिवशी बाहेर पडतं. मावळ तालुक्यात आमच्यासाठी बागा नाहीत, चालायच्या धड वाटा नाहीत. आहे ती नदी, आहे तो कडा. आमचं शहर एवढं वाढलं आणि त्याचा रविवार मात्र गावकऱ्यांच्या शेतातल्या पुलावर नेऊन ठेवला. गावकऱ्यांचा पूल गेला, आमची माणसं गेली. नुकसान दोघांचं.

*

आता लेकीच्या प्रश्नावर येतो. काचेचा पूल कधी होणार?

लोणावळ्याजवळ कुरवंडे हद्दीत टायगर पॉइंट आणि लायन पॉइंट परिसरात काचेच्या स्कायवॉकचा सुमारे ३३३ कोटींचा प्रकल्प मंजूर झालेला आहे. तिकडे मेळघाटात चिखलदऱ्याला सिडकोचा ४०७ मीटरचा स्कायवॉक काही वर्षं रखडला होता. आणि जुलै २०२५ मध्ये सिंधुदुर्गात वैभववाडीजवळ नापणे धबधब्यावर काचेचा पूल सुरू झालासुद्धा.

मी विरोधात नाही. व्हावा. गावातल्या पोरांना काम मिळेल, कणीसवाल्या मावशींना गिऱ्हाईक मिळेल. आजीआजोबांना कड्याच्या टोकावर न जाता दरी बघता येईल. उलट, नीट बांधलेला, तिकिटाचा, माणसं मोजून सोडणारा पूल हा निसरड्या कड्यावर सेल्फी काढण्यापेक्षा केव्हाही बरा.

पण माझा हिशोब साधा आहे. ३३३ कोटींच्या पुलाचं भूमिपूजन होईल, फीत कापली जाईल, फोटो येतील. आठ कोटींच्या पुलाची फीत कापायला कोण येतं? आणि जुन्या पुलाला दर दोन वर्षांनी रंग लावण्याची तर फीतच नसते. नारळ फोडता येत नाही असं काम आपल्याकडे मागे पडतं. कुंडमळा तिथेच अडकला होता.

म्हणून चार मागण्या मांडतो. कुठल्या पक्षाच्या नाहीत.

एक, प्रत्येक पादचारी पुलावर धोक्याच्या फलकाऐवजी आधी माहितीचा फलक लावा. कधी बांधला, मालक कोण, शेवटची तपासणी कोणत्या तारखेला झाली, एका वेळी किती माणसं. मोठ्या आकड्यात, मराठीत. लिफ्टमध्ये हे लिहिलेलं असतं, मग पुलावर का नको?

दोन, पूल धोकादायक ठरला की तो बंद म्हणजे बंद. दोन्ही टोकांना भिंत घाला किंवा पट्ट्या काढून टाका. फलक वाचून माणूस थांबत नाही. मी थांबलो नव्हतो. आणि गावकऱ्यांची जायची सोय त्याच दिवसापासून दुसरीकडून करा, नाहीतर ते भिंत फोडतील आणि त्यांचं चुकणारही नाही.

तीन, पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी माणूस उभा करा. दुर्घटना झाल्यावर बंदीचे आदेश निघतात, पण आदेश पुलावर उभे राहत नाहीत. स्थानिक पोरांना चार महिने मानधन द्या, शिट्टी द्या.

चार, नव्या स्कायवॉकच्या खर्चात देखभालीचा पैसा पहिल्याच दिवशी वेगळा काढून ठेवा. तिकिटातला ठरावीक वाटा त्यातच जावा, आणि हिशोब दरवर्षी जाहीर व्हावा.

यात रॉकेट सायन्स काही नाही. माल्कमच्या काळातही हे करता आलं असतं.

*

परत येताना लेक म्हणाली, पप्पा, कुंडमळ्याला थांबायचं? मी थांबलो नाही. तिकडे बघायला गर्दी करणारे आपणही त्यातलेच होतो मग.

दापोडीच्या पुलावरून पवना ओलांडून पिंपळे गुरवात शिरताना मात्र मी गाडी हळू केली. नदीला पाणी चांगलं होतं. वीस वर्षं या पुलावरून जातोय. थोडं पुढे मुळेवर जुना हॅरिस पूल आहे, लॉर्ड हॅरिस गव्हर्नर होता त्याच्या नावाचा. त्यावरूनही हजारदा गेलोय. यातला कोणता पूल शेवटचा कधी तपासला हे मला सांगता येत नाही. तुम्हाला येतं का?

उद्या सोमवारी माहिती अधिकाराचा अर्ज टाकतोय. शहरातले आणि मावळातले सगळे पादचारी पूल, त्यांचं वय, शेवटच्या तपासणीची तारीख. उत्तर आलं की इथेच टाकेन. नाही आलं तर तेही टाकेन.

तोवर एक काम करा. तुमच्या घराजवळचा ओढ्यावरचा, नाल्यावरचा, रेल्वेवरचा जो पादचारी पूल असेल, त्याचा एक फोटो आणि जागेचं नाव कॉमेंटमध्ये टाका. स्वतःचा नको, पुलाचा. कठड्याचा, सांध्याचा, गंजलेल्या बोल्टचा. यादी आपणच करू.

लेकीने पहिला फोटो काढलाय. तो खाली आहे.